पुस्तकाहून तीनशे मिलिग्रॅम कमी

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. भाजीच्या टोपलीशेजारी बसून दिवसभर बटाटे झेलणारा नव्हे; मी शाळेच्या रसायनशाळेतला, काचेच्या पेटीत राहणारा तराजू. माझी दांडी पितळेची, पारडी दोन आणि पाय तीन. वयाने पस्तिशी उलटली आहे. या वयाच्या वस्तू सहसा आपल्या दुखण्यांचे रडगाणे गातात. मी तुम्हाला आनंदाची गोष्ट सांगणार आहे, कारण माझ्या गाठीला तीच जास्त आहे.

एका अरुंद कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे भल्यामोठ्या मिशांचा एक कारागीर होता. माझ्या दांडीच्या मधोमध अकीक नावाच्या कठीण दगडाची एक धार बसवलेली आहे आणि अख्खी दांडी त्या धारेवर डोलते. ती धार घासायला कारागिराने चार दिवस घेतले. चार दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. जेवायला बोलावले तरी नुसते ‘हूं’ म्हणे आणि घासत राही. पाचव्या दिवशी त्याने मला जोडले, पाय सरळ केले, दांडीखालचा लांब काटा मधल्या रेषेवर आणला आणि आपल्या मिशीतला एक केस उपटून माझ्या डाव्या पारड्यात टाकला. माझा काटा अगदी नाजूकपणे, पण हलला. कारागिराच्या डोळ्यांत पाणी आले. ते केस उपटल्यामुळे आले की माझ्यामुळे, हे मला आजवर कळलेले नाही. मी आपला माझ्यामुळे असे धरून चालतो.

गवतात गुंडाळून, खोक्यात घालून मला शाळेत आणले. ज्या आठवड्यात मी आलो त्याच आठवड्यात रसायनशाळेत एक नवा परिचरही कामावर लागला होता. परीक्षानळ्या धुणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणे, बर्नर पेटवून देणे ही त्याची कामे. मुले त्याला पहिल्या दिवसापासून मामा म्हणू लागली आणि तो सगळ्या शाळेचा मामा झाला. मामांनी खोके उघडले, मला दोन्ही हातांनी अलगद उचलले आणि टेबलावर ठेवताना म्हणाले, “आपण दोघंही नवे आहोत. सांभाळून घे.” मीही मनातल्या मनात हो म्हटले.

रसायनशास्त्र शिकवायला एक बाई होत्या. उंचीने बेताच्या, पण आवाज असा की शेवटच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्यालाही वाटे की आपल्याच कानात बोलत आहेत. बाईंची एक खोड होती. मुलांनी काही विचारले की त्या लगेच उत्तर देत नसत. माझ्याकडे बोट करून म्हणत, “त्याला विचारू या.” मग सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा होई. बाकांचे पाय फरशीवर करकरत, कुणाचा तरी कोपर कुणाच्या तरी बरगडीत जाई आणि चाळीस जणांचे श्वास माझ्या काचेवर येऊन ती धुरकट होई.

आणि प्रश्न तरी कसले कसले! पाण्यात टाकलेले मीठ दिसेनासे होते, म्हणजे ते संपते का? बाईंनी आधी पाणी तोलले, मग मीठ तोलले, मग मीठ विरघळवून पुन्हा तोलले. मी दोन्हींची बेरीज जशीच्या तशी दाखवली. मीठ दिसत नव्हते, पण पारड्यात पुरेपूर हजर होते. ज्याने हे विचारले होते त्या मुलाचे समाधान झाले नाही. साखरेचे तसेच का? तुरटीचे? खडूचे? त्या दिवशी मी अकरा वस्तू तोलल्या, आणि खडू अजिबात विरघळत नाही हे कळल्यावर तो मुलगा खडूवर असा रुसला जणू खडूने त्याला दगा दिला होता.

आणखी एक प्रसंग माझ्या फार आवडीचा. रासायनिक समीकरणे शिकवताना बाई फळ्यावर हायड्रोजनच्या आधी दोनचा आकडा लिहीत. एका मुलाने विचारले की हा दोन मध्येच कुठून आला, शोभेसाठी घालतात का. बाईंनी मामांना मूठभर बोल्ट आणि नट आणायला पाठवले. नट म्हणजे हायड्रोजन, बोल्ट म्हणजे ऑक्सिजन, असे ठरले. दोघेही एकटे फिरत नाहीत, आपल्या जोडीदाराबरोबरच फिरतात, हेही बाईंनी सांगितले. डाव्या पारड्यात त्यांनी नटांची एक जोडी आणि बोल्टांची एक जोडी ठेवली. उजव्या पारड्यात तयार पाणी ठेवले, म्हणजे दोन नट चढवलेला एक बोल्ट. डावे पारडे धाडकन खाली गेले.

“एक बोल्ट उरलाय,” मुले म्हणाली.

बाई म्हणाल्या की उरला म्हणून त्याला वाऱ्यावर सोडायचे नाही. त्यालाही दोन नट मिळवून द्या. मग डावीकडे नटांची आणखी एक जोडी आली, उजवीकडे पाण्याचा आणखी एक बोल्ट आला आणि माझा काटा मधल्या रेषेवर येऊन थांबला. प्रश्न विचारणारा मुलगा माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, “म्हणजे समीकरण हाच एक तराजू आहे.” बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला वाटले, ती थाप निम्मी माझी आहे.

पण माझा सगळ्यात मोठा पराक्रम लोखंडी किसाचा. भांडी घासायला वापरतात तसला तो बारीक तारांचा पुंजका. जळल्यावर तो हलका होईल की जड, असे बाईंनी विचारले. कागद जळला की चिमूटभर राख उरते, लाकडाचे तसेच, तेव्हा हलका होणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. बाईंनी हात वर करायला सांगितले. हलका म्हणणारे एकेचाळीस निघाले आणि जड म्हणणारा एक, आणि त्या एकानेही हात वर केला होता तो डोके खाजवायला.

मामांनी कीस चिमट्यात धरून बर्नरवर पेटवला. ठिणग्या लालभडक रेषांनी पळाल्या आणि पुंजका काळानिळा झाला. बाईंनी तो, खाली बशीत पडलेल्या कणाकणासकट, पुन्हा माझ्या पारड्यात ठेवला. पारडे खाली गेले. कीस जड झाला होता. एकेचाळीस तोंडे उघडी ती उघडीच. मग सगळे एकसुरात म्हणाले की तराजू बिघडला. बाईंनी तीनदा जाळून तीनदा तोलले. तिन्ही वेळा मी तेच सांगितले. तेव्हा त्यांनी समजावले की लोखंड जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेते आणि त्याचे वजन आपल्यात मिळवते. कागदाचे जे जळून जाते ते वायू होऊन हवेत निसटते, लोखंडाचे मात्र घरातच राहते. डोके खाजवणारा मुलगा पुढे वर्षभर ताठ मानेने फिरत होता.

अशी पंचवीस वर्षे गेली. मग बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मऊ ब्रशने माझी धूळ झाडली, वजनपेटीतली सगळी वजने आपापल्या खाचेत आहेत ना ते पाहिले, आणि दांडी हळूच खाली टेकवून पेटीचे दार लावले. तेवढ्या एका दिवशी त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत काय, माझ्यापर्यंतही आला नाही.

बाईंनंतर शिक्षक येत गेले, जात गेले. मग एक नवा वजनकाटा आला. चपटा, वरून पांढरा. वस्तू ठेवली की लगेच हिरवे आकडे दाखवणारा. मामा त्याला आकडेभाऊ म्हणत. माझ्या काट्याचे डोलणे थांबेपर्यंत मुलांना वाट पाहावी लागे, आकडेभाऊंना मात्र श्वास घ्यायचीही गरज नव्हती. खोटे कशाला सांगू, मला त्यांचा थोडा हेवा वाटला. माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. माझे पन्नास ग्रॅमचे वजन भूगोलाच्या शिक्षकांनी कागदांवर ठेवायला नेले आणि माझ्या काचपेटीवर ओली फडकी वाळत पडू लागली. एकदा तर कुणीतरी माझ्या पारड्यात शेंगांची टरफले टाकली. माझे तोल सांभाळायचे व्रत असल्यामुळे मी रागावू शकत नव्हतो, पण एका बाजूला झुकलो एवढे नक्की.

त्यानंतर रसायनशाळेत नवे सर आले. वयाने तरुण, मेहनती, आणि मुलांवर जीव असलेले. पण पहिलेच वर्ष होते. नवशिका सायकलस्वार जसा हँडल घट्ट आवळून धरतो तसे त्यांनी पाठ्यपुस्तक धरले होते. त्यांनी पहिल्याच महिन्यात रसायनशाळा साफ करायला घेतली आणि मोडीत काढायच्या वस्तूंची यादी केली. मामांनी ती मोठ्याने वाचली तेव्हा मी वरून ऐकले. सातव्या क्रमांकावर लिहिले होते: ‘तराजू, जुना, निरुपयोगी.’ शाळेचे विज्ञान प्रदर्शन झाले की हेडसरांची सही घेऊन सगळ्या वस्तू भंगारात जाणार होत्या.

त्याच वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिला कुणी काहीही सांगितले की ती विचारी, “कशावरून?” सूर्य पूर्वेला उगवतो म्हटले तरी कशावरून, आणि तुझ्या वेणीला शाई लागली आहे म्हटले तरी कशावरून. त्यामुळे तिचे नावच ‘कशावरून’ पडले होते आणि तिला ते मनापासून आवडे.

एके दिवशी सरांनी द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवला. रासायनिक क्रियेत पदार्थ बदलतात, पण एकूण वस्तुमान तेवढेच राहते, असा तो नियम. पडताळा पाहायला पुस्तकात प्रयोग होता. बुटक्या बाटलीत व्हिनेगर घ्यायचे, फुग्यात एक ग्रॅम खायचा सोडा भरायचा, फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवायचा आणि सगळे तोलायचे. मग फुगा उचलून सोडा खाली पाडायचा. बुडबुडे येतात, कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि फुगा संत्र्याएवढा फुगतो. पुन्हा तोलायचे. वायू कुठेही गेलेला नाही, म्हणून वजन तेवढेच भरायला हवे.

पाच गट केले होते. सरांनी वह्या तपासल्या. चार गटांचे आधीचे आणि नंतरचे आकडे तंतोतंत सारखे होते. कशावरूनच्या वहीत मात्र आधी ब्याण्णव पूर्णांक चाळीस ग्रॅम आणि नंतर ब्याण्णव पूर्णांक दहा ग्रॅम लिहिलेले होते. तीनशे मिलिग्रॅम गायब.

सर म्हणाले की फुग्याच्या तोंडाशी वायू गळला असणार. तिने सवयीने विचारले, “कशावरून?” वर्ग हसला आणि सरांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा करून बघायला सांगितले. तिने फुग्याच्या तोंडावर दोऱ्याचे दहा वेढे घट्ट गुंडाळले आणि पुन्हा केले. पुन्हा तीनशे मिलिग्रॅम कमी. तिसऱ्यांदाही तेच. परवावर विज्ञान प्रदर्शन आले होते, हाच प्रयोग हेडसरांना आणि पालकांना दाखवायचा होता, आणि तो दाखवायला तिचीच निवड झाली होती.

“उद्यापर्यंत नीट आकडा आण,” सर म्हणाले, “नाहीतर तुझ्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहील. लोकांसमोर नियमच खोटा पडला तर काय सांगायचं?”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळी मुले मैदानावर होती आणि ती रसायनशाळेत स्टुलावर बसून वहीकडे बघत होती. हातात खोडरबर होते. दहाच्या जागी चाळीस लिहिले की प्रश्न मिटत होता. वरून मला तिचा भांग आणि ते खोडरबर दिसत होते, आणि माझ्या अकीकाच्या धारेवरून थंडगार काहीतरी सरकल्यासारखे वाटले.

मामा पलीकडे नळ्या धूत होते. ते हात पुसत आले आणि त्यांनी काय झाले ते विचारून घेतले. मग म्हणाले, “आमच्या बाई असत्या ना, तर म्हणाल्या असत्या, त्याला विचारू या.”

“कुणाला?” तिने विचारले.

मामांनी वर बोट केले.

स्टुलावर चढून त्यांनी मला खाली उतरवले. पस्तीस वर्षांपूर्वी उचलले होते तसेच, दोन्ही हातांनी. टरफले काढली, ब्रश फिरवला, पायांचे स्क्रू फिरवून मला सरळ उभे केले. पेटीपुढची छोटी मूठ फिरवून दांडी कशी उचलायची, वजने बोटांनी न धरता चिमट्याने का धरायची, काटा दोन्हीकडे सारखा डोलला की तोल झाला हे कसे ओळखायचे, सगळे तिला शिकवले. तिने ऐकून घेतले आणि मलाही तोच प्रश्न टाकला. हा तराजू खरा बोलतो हे कशावरून?

मला राग आला नाही. उलट इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी परीक्षा घेतेय याचा आनंद झाला. मामांनी युक्ती सांगितली. बाटली डावीकडे आणि वजने उजवीकडे ठेवून तोलायची, मग दोघांच्या जागा बदलून तोलायची. एखादी बाजू लबाड असेल तर तिथे उघडी पडते. तिने जागा बदलल्या. माझा काटा मध्ये आला आणि मध्येच थांबला.

मग तिने फुगा लावलेली बाटली डाव्या पारड्यात ठेवली आणि उजवीकडे वजने घालून तोल साधला. तिने दांडी टेकवली, फुगा उचलला, सोडा पडला, फेस आला, फुगा गरगरीत झाला. तिने मूठ फिरवली. वजनांचे पारडे हळूहळू खाली जाऊ लागले. तिने चिमट्याने दोनशे मिलिग्रॅम वजनाचा चिमुकला पत्रा काढला. तरी तेच. मग शंभरचा काढला. काटा मधल्या रेषेवर आला.

नेमक्या त्याच क्षणी सर दारात आले. मोडीच्या यादीतली वस्तू टेबलावर बघून त्यांच्या भुवया वर चढल्या, पण ते जवळ आले, त्यांनी माझी पारडी पाहिली, आकडेभाऊंचा आकडा पाहिला आणि खुर्ची ओढून बसले. दोन वेगळे तराजू, दोन वेगळ्या तऱ्हा, आणि बोलणे एकच. मग ते म्हणाले की आता एकच शक्यता उरते, वायू गळतोय.

मामांनी पाण्याची बादली आणली. गळत असेल तर बुडबुडे येतील. सरांनी बाह्या वर केल्या आणि बाटलीसकट फुगा पाण्याखाली दाबून धरला. तिघेही वाकून बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. सरांनी आणखी खाली दाबले, तशी बाटली हातातून सटकली, फुगा टुणकन वर उसळला आणि सरांचा चष्मा, शर्ट, मिशा सगळे भिजले. ती हसली. मामा हसू दाबायला खिडकीकडे वळले. आणि मग ती एकदम हसायची थांबली.

“सर, पाण्यानं त्याला वर ढकललं.”

“ढकलणारच. पाणी ढकलतंच,” सर चष्मा पुसत म्हणाले.

“मग हवा ढकलत नाही, हे कशावरून?”

सरांचा हात चष्म्यावर तसाच थांबला. मित्रांनो, मी आयुष्यात खूप स्थिर गोष्टी पाहिल्या आहेत, स्थिर राहणे हा माझा धंदाच आहे. पण त्या क्षणीच्या सरांइतके स्थिर मी कुणाला पाहिलेले नाही. त्यांच्या नाकावरून पाण्याचा एक थेंब पडला तेवढाच.

मग जी धांदल उडाली ती काय सांगू! सरांनी एक पातेले परातीत ठेवून काठोकाठ भरले आणि त्यात फक्त फुगा बुडवला. परातीत सांडलेले पाणी मोजपात्रात ओतले. अडीचशे मिलिलिटर. म्हणजे फुगलेल्या फुग्याने हवेतही तेवढीच जागा अडवली होती, तेवढी हवा बाजूला सारली होती. एक लिटर हवेचे वजन साधारण एक पूर्णांक दोन ग्रॅम असते, हे सरांना ठाऊक होते. त्यांनी फळ्यावर गणित मांडले. अडीचशे मिलिलिटर हवेचे वजन निघाले शून्य पूर्णांक तीन ग्रॅम. तीनशे मिलिग्रॅम. लिहिता लिहिता खडू मोडला आणि त्यांनी उरलेले शून्य बोटानेच काढले.

वायू कुठेही गेला नव्हता. नियमही खोटा पडला नव्हता. फुगा फुगल्यावर आजूबाजूची हवा त्याला तीनशे मिलिग्रॅमइतके वर उचलून धरत होती, आणि आम्ही दोघे तराजू इमानाने तेच सांगत होतो.

“मग न फुगणारी बाटली घेतली तर?” मुलीने विचारले.

सरांनी जाड, घट्ट झाकणाची एक बाटली शोधली. वायूचा दाब फार वाढू नये म्हणून सोडा अगदी चिमूटभर घेतला, एका छोट्या नळीत भरून ती नळी बाटलीत उभी ठेवली आणि तिघांनी डोळ्यांवर संरक्षक चष्मे चढवले. झाकण लावले, मला तोलायला लावले, मग बाटली कलती करून सोडा व्हिनेगरात मिसळला आणि पुन्हा पारड्यात ठेवली. माझा काटा जरा डावीकडे, जरा उजवीकडे डोलला, आणि मधल्या रेषेवर जाऊन उभा राहिला. एका केसाचाही फरक नाही.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा मामा फरशीवरचे पाणी पुसत होते आणि सर अजून ओल्या शर्टानेच फळ्यासमोर उभे होते. मुले आत आली. सरांनी त्यांना बसायला सांगितले आणि सरळ म्हणाले, “काल माझं चुकलं. हिचा आकडा खरा होता. आणि मला आजवर हे माहीत नव्हतं.”

मग सरांनी विचारले की बाकीच्या चार गटांचे आकडे खरेच सारखे आले होते का. पहिल्या बाकावरच्या मुलाने घसा खाकरला. त्याचा आकडा शून्य पूर्णांक अठ्ठावीस ग्रॅमने कमी आला होता, पण पुस्तकात तसे नव्हते, म्हणून त्याने खोडला होता. दुसऱ्या गटाचा शून्य पूर्णांक एकतीसने. तिसऱ्या गटाने नंतरचे वजन केलेच नव्हते, आधीचेच खाली उतरवले होते. चौथ्या गटाला आकडा आठवेना, पण ‘कमी होता, सर, शपथ’ एवढे त्यांनी सांगितले. खोडलेल्या जागा उजेडाकडे धरून मुलांनी खरे आकडे पुन्हा वाचले आणि सरांनी ते एकाखाली एक फळ्यावर लिहिले. कुणालाही ओरडा बसला नाही. सगळे हसले, सगळ्यात जास्त सर.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून खोली भरून गेली. टेबलावर आम्ही दोघे शेजारी शेजारी, मी आणि आकडेभाऊ. कशावरून आधी फुग्याचा प्रयोग करी, बघणाऱ्याला वजन घटलेले दाखवी आणि गप्प उभी राही. लोक गोंधळत, आपापसात वाद घालत. एका मुलाचे वडील म्हणाले फुगा फुटका आहे, आई म्हणाली तराजू फुटका आहे. मग ती त्यांना स्वतःच्या हाताने फुगा बादलीत दाबायला लावी आणि नंतर जाड बाटलीचा प्रयोग दाखवी. ज्याला उलगडा होई त्याचा चेहरा बघण्यासारखा असे. दिवसभरात तीन शर्ट आणि एक साडी भिजली आणि कुणाचीही तक्रार आली नाही.

हेडसर आले. त्यांनी सगळे नीट पाहिले आणि तिला विचारले, “म्हणजे पुस्तक चुकलंय का?”

“नाही सर,” ती म्हणाली. “नियम बरोबर आहे. पण फुगा फुगतो, हे धरायचं राहून गेलं.”

हेडसरांनी मान डोलावली. ते निघाले तेव्हा सरांनी त्यांच्यापुढे मोडीची यादी सहीला ठेवली. सातव्या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती आणि शेजारी सरांच्या अक्षरात लिहिले होते, ‘वापरात आहे.’ माझे पन्नास ग्रॅमचे वजनही दोन दिवसांनी भूगोलाच्या टेबलावरून परत आले. भूगोलाचे शिक्षक स्वतः घेऊन आले होते, आणि आल्यासरशी आपले पेनही तोलून घेऊन गेले.

आता मी खाली टेबलावरच असतो. आकडेभाऊ घाईची कामे करतात आणि मी सावकाशीची. आमचे छान जमते. मुले विचारतात, गंज चढलेला खिळा जड की हलका? बर्फ वितळला की वजन घटते का? धूर वर जातो, मग त्याला वजन नसतेच का? परवा एकीने विचारले की मेणबत्तीची ज्योत तोलता येईल का. सर म्हणाले, “मला माहीत नाही,” आणि किती आनंदाने म्हणाले! सगळा वर्ग उठून माझ्याभोवती आला. बाकांचे पाय करकरले, कोपर बरगड्यांत गेले आणि माझी काच पुन्हा धुरकट झाली. ती फडक्याने पुसायची मी कुणालाही घाई करत नाही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखा कुणीतरी असेल. त्याची पारडी कोरडी ठेवा. वजने चिमट्याने उचला आणि काम झाले की त्याची दांडी हळूच खाली टेकवा, धार बोथट झाली की आमचे सगळे संपते. आणि कधी आकडा मनासारखा आला नाही, तर खोडरबर उचलण्याआधी आम्हाला आणखी एकदा विचारा.